चोरी झाली तर पगारातून कशाला कापता?

संपादक महोदय,

कामावरचा लॅपटॉप, स्कॅनर, ड्रिल मशीन असलं काही हरवलं किंवा चोरीला गेलं की ज्याच्या नावावर होतं त्याच्या पगारातून कट करून मोकळं व्हायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला त्यात काही वाटेनासं झालंय. मी स्टोअर सांभाळतो, सामान माझ्या हातून इश्यू होतं, म्हणून लिहितोय.

एक हँड स्कॅनर तीन शिफ्टची माणसं वापरतात पण सही फक्त सकाळी घेतो त्याची, दुपारचा त्याच्याकडून हातातल्या हातात घेतो, रात्रीचा तसाच टेबलावर ठेवून जातो कारण कपाटाची कडी तुटलीये आणि ती बसवा सांगून सांगून तोंड दुखलं. मग स्कॅनर गेला की रजिस्टर उघडायचं, सही बघायची, विषय संपला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोणी बसमध्ये लॅपटॉप विसरून उतरला तर चूक त्याची, भरू दे थोडंफार. पण कुलूप तोडून नेला, पोलिसात तक्रार झाली, तरी कापायचे हे कुठलं गणित?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1949 ची 85 नंबरची शिफारस आहे, त्यात सरळ म्हटलंय की नुकसानाला कामगारच जबाबदार आहे हे स्पष्ट दाखवता आलं तरच कपात करा, प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त कापू नका आणि आधी त्याला बाजू मांडायची संधी द्या. भारतातल्या 1936 च्या वेतन कायद्यातही हेच होतं, वस्तू खास त्याच्या ताब्यात दिलेली हवी आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं हवं. म्हणजे नुसती सही असून भागत नाही. ब्रिटनमध्ये तर दुकानातल्या कामगाराकडून गल्ल्यातली तूट किंवा कमी भरलेला माल वसूल करायचा तरी एका पगारातून 10 टक्क्यांच्या वर कापता येत नाही (नोकरी सोडतानाचा शेवटचा पगार सोडून, तिथे ही मर्यादा नाही).

आणि किंमत कोणती लावतात बघा. चार वर्षं घासलेला लॅपटॉप, कंपनीच्या वहीत घसारा लावून लावून त्याची किंमत नावाला उरलेली, पण कापताना नव्याचा भाव! वर विम्याचा क्लेम मिळाला तर ते पैसे वेगळेच, त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. एकाच वस्तूचे दोनदा पैसे घेणं हा धंदाच झाला की.

जॉइन होताना कागदांच्या गठ्ठ्यात "व्यवस्थापन ठरवेल ती रक्कम" असं एक कलम असतं, त्यावर सगळेच सही करतात, न करून सांगणार कोणाला. खरी वसुली मात्र नोकरी सोडताना, फुल अँड फायनलमध्ये, कारण तेव्हा भांडायला माणूस आत नसतो.

ज्यांचे असे पैसे कापलेत त्यांनी निदान कशाचे कापले, किती कापले आणि चौकशी कोणी केली एवढं लेखी मागावं, तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नये.

आपला,
एक स्टोअरकीपर