पिवळं न झालेलं पान

फोंडा,
चवथीच्या आधीचा रविवार

प्रिय बाबल,

पाच महिने पत्र नाही, मेसेजला नुसते अंगठे. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आईचा गुडघा बरा, माझं पित्त जिथल्या तिथं.

पीएच.डी.चं कोर्सवर्क संपत आलंय. 12 क्रेडिट, त्यातले 2 संशोधन-नीतीचे, म्हणजे 30 तास. तरी लिहायला बसलो, कारण नववीतल्या निबंधाची भानगड तुझ्याइतकी कोणाला ठाऊक नाही.

खाजनांवरचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेल्या शेतजमिनींवरचा, संशोधन-आढावा उतारेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, तर साम्य 23 टक्के! उतारेगिरीचा नियम 2018 चा: 10 टक्क्यांपर्यंत माफ, 10 ते 40 मध्ये सहा महिन्यांत सुधारून पुन्हा. हातपाय गळाले. मग अहवाल उघडला, जुळलेलं सगळं पिवळं. संदर्भसूची आणि 1526 च्या फोरालमधली (गावच्या रूढींची पोर्तुगीज सनद) अवतरणं त्यात धरलेली, ती खरं तर मोजायची नसतात. गाळल्यावर उरले 12. ते मात्र माझंच ठिगळकाम. आढावा इंग्रजीत, तुला मराठीत सांगतो. मूळ वाक्य मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराचं: 'मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात.' मी लिहिलेलं: 'मानशीची कवाडं भरतीच्या वेळी बंद होतात आणि ओहोटीच्या वेळी खुली होतात.' शब्द बदलले, सांगाडा तोच. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलं की हे होतंच. आता पुस्तक मिटतो, तुला फोनवर सांगतोय असं समजून लिहितो, मग उघडून आकडे, नावं पडताळतो आणि संदर्भ तिथल्या तिथं घालतो. 'नंतर घालू' म्हटलेला संदर्भ कधीच घातला जात नाही. नवं वाक्य झालं: 'दार कधी मिटायचं हे पाणी ठरवतं, पण दार कुजलं की ते बदलायचं कोणी, हे गावकरीनं ठरवायचं.' गावकरी म्हणजे गावची जमीन सांभाळणारी जुनी गावसंस्था. बघ, इथून माझा प्रश्न सुरू होतो. आधी नुसती 'अमुक म्हणतो, तमुक म्हणतो' अशी, गणपतीवर फळं टांगतात तशी, माटोळी बांधली होती, फळं सगळी दुसऱ्यांच्या कुळागरातली.

पण खरं दुखणं पुढं आहे. त्याच आढाव्यात गावकरीवरचे दोन परिच्छेद अहवालात पांढरे स्वच्छ. एक अक्षर पिवळं नाही. आणि ते दोन्ही एका जुन्या मराठी पुस्तकातून शब्दश: इंग्रजीत उतरवलेले! सॉफ्टवेअर अक्षरांच्या ओळी जुळवतं. छापील मराठी पुस्तक त्याच्या साठ्यात नाही, आणि इंग्रजीत आलेला मजकूर त्याला नवाच. कोणाला कळणार नाही. नववीत तुझ्या वहीतून उतरवताना तुझं 'आर्शिवाद'सुद्धा मी तसंच ठेवलं होतं, म्हणून पकडलो गेलो. या वेळी तेवढी खूणही नाही. हसू नकोस.

मुद्दाम केलं नाही, एवढं तरी मान. दोष टिपणांचा. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत इंग्रजीत लिहून ठेवलं, भाषांतर की माझं मत याची खूण नाही, पान क्रमांक नाही. आता प्रत्येक टिपणाला चिन्ह: शब्दश: असेल तर अवतरणचिन्हात, पानासकट, सारांश असेल तर नुसतं पान, भाषांतराला 'भा.', आणि माझं असेल तर 'मी'. पहिल्या आठवड्यात 'मी' फक्त तीन निघाले, यावरून ओळख. संदर्भ जपायच्या झोटेरो सॉफ्टवेअरमध्ये भरतानाही एकाच गोष्टीची कितीतरी स्पेलिंगं: गावकरीची इंग्रजीत वेगवेगळी, शिवाय तिचंच पोर्तुगीज नाव कोमुनिदाद एका 'एम'नं आणि दोन 'एम'नंही. एकच शोधलं तर निम्मे लेख हातचे जातात. हे कोर्समध्ये कोणी सांगत नाही, बाबा, आपटूनच शिकायचं.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. छोटीचे दात आले म्हणे? वहिनींना सांग, चवथीला नेवऱ्या आमच्याकडे.

सोमवारी दोन्ही परिच्छेद छापून मॅडमना दाखवणार आहे. त्या ओरडतील, ओरडू देत. पण रिकाम्या हातानं कसा जाऊ? ते पुस्तक तुझ्याच वडिलांचं. मी परत दिलंय, कव्हर फाटलेलं असलं तरी. त्या भांडणात आता शिरू नकोस. माळ्यावरच्या पेटीत असेल. शीर्षकाचं पान, त्याच्या मागचं छपाईचं पान आणि गावकरीच्या प्रकरणाची पानं, क्रमांक दिसतील असे फोटो काढून आज रात्रीच पाठव.

तुझा,
वसंत