हुरडा पार्टीत डीजे कशाला?

मा. संपादक,

गेल्या रविवारी आम्ही दोन्ही पोरांना घेऊन पुण्याजवळच्या एका शेतावर हुरड्याला गेलो होतो, धाकटी चार वर्षांची, तिने ज्वारीचं कणीस पहिल्यांदाच हातात धरलं. आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजून तिथल्या मावशींनी तळहातावर चोळून गरम गरम गूळभेंडी हुरडा तिच्या ओंजळीत दिला, सोबत गूळ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि एरवी दोन घास खायला तास लावणारी पोर न सांगता खात बसली. बैलगाडी झाली, बोरं वेचून झाली.

पण अकरा वाजता स्पीकर सुरू झाला तो जेवणं होईपर्यंत बंदच नाही, मावशी पोरांना कसलीतरी गोष्ट सांगत होत्या ती अर्धीच राहिली, मला फार वाईट वाटलं. आणि विहिरीला कठडा नाही, नुसती दोरी! लहान मुलं पळत असतात हो.

२०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला, छानच झालं. आमची विनंती एवढीच, विहिरीला जाळी बसवा आणि तो डीजे बंद ठेवा, आम्ही पुढच्या जानेवारीत परत येतो.

- एक आई, पुणे