आपल्या मुलांच्या ब्लॅक टीचर्ससाठी मदत हवीये, प्लीज पूर्ण वाचा

नमस्कार मंडळी, आपल्या न्यू जर्सीतल्या मराठी पालक गटातर्फे लिहितेय.

जूनमध्ये माझ्या मुलीच्या गणिताच्या बाईंनी शाळा सोडली. ब्लॅक होत्या, बारा वर्षं शिकवत होत्या. आम्हाला वाटलं दुसरीकडे पगार जास्त मिळाला असेल, पण नंतर भेटल्या तेव्हा कळलं की पालक त्यांच्यासमोरच "मेन टीचर कुठेयत" विचारायचे, केसांवरून बोलणं व्हायचं (2019 पासून आपल्या राज्यात केसांवरून भेदभाव करण्याविरुद्ध कायदा आहे तरी), कुठल्याही वर्गातला ब्लॅक मुलगा चिडला की त्याला शांत करायला ह्यांनाच पळवायचे, आणि तक्रार केली की "तुम्ही फार मनाला लावून घेता". झोप उडाली, बीपीची गोळी सुरू झाली. आणि वर्ग बदलून मागणाऱ्यांत आपलेही पालक होते, हे ऐकून मला बाईंकडे बघवेना.

हे आजचं नाहीये. 1954 च्या ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण गोऱ्या मुलांना ब्लॅक शिक्षक नकोत म्हणून दक्षिणेत हजारो जणांना घरी बसवलं. आजही देशात पब्लिक स्कूलमधली 100 पैकी साधारण 15 मुलं ब्लॅक, शिक्षक मात्र 6 च्या आसपास. जोतिबांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती ह्याच देशात गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, मग आपण गप्प कसं बसायचं?

महिन्यातून एका शनिवारी आपल्या मुलांच्या ब्लॅक शिक्षकांची बैठक ठरवलीये. तिथे फक्त तेच, आपण जेवण ठेवून निघायचं. शिवाय त्यांच्या थेरपीच्या फीसाठी पैसे जमवतोय. एका सेशनचे शंभर-दीडशे डॉलर सहज जातात, बरेच थेरपिस्ट इन्शुरन्स घेत नाहीत, आणि थेरपिस्टही ब्लॅकच हवी असं त्या म्हणतात कारण नाहीतर अर्धा वेळ समजावण्यातच जातो. 20 डॉलर दिलेत तरी चालेल.

पण मन बरं करून परत त्याच त्रासात पाठवायचं का? म्हणून शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला या. तक्रारींची चौकशी बाहेरच्या माणसाने करावी, आणि दरवर्षी किती ब्लॅक शिक्षक सोडून गेले ते सांगावं, एवढं मागायचंय. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात, आम्ही लिहून देऊ.

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर दाराशी पेटी असेल. पैसे जमत नसतील तर शनिवारचा डबा घ्या, फक्त शेंगदाणे नकोत, एकीला ॲलर्जी आहे.