उणे तीस अंशांत गाडीने डोंगराकडे

कॅलगरी, कॅनडा
जानेवारीचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

उणे तीस अंशांत गाडी सुरू तरी कशी होते आणि एवढ्या गारठ्यात लहान लेकराला घेऊन डोंगरात जायचे कशासाठी, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्या गडबडीत नीट सांगता आले नाही, म्हणून लेक लुईज या डोंगरातल्या सरोवराच्या गावी स्कीइंगसाठी (पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्यासाठी) जाऊन आलो त्याची हकिगत सविस्तर लिहितो.

गाडीची तयारी आदल्या रात्रीपासून करावी लागते. अशा थंडीत इंजिनातले तेल गुऱ्हाळावरच्या काकवीसारखे घट्ट होते आणि बॅटरीची ताकद निम्म्याहूनही खाली येते, म्हणजे ज्या वेळी इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो नेमका त्याच वेळी जोर कमी पडतो. म्हणून इथल्या गाड्यांच्या इंजिनाला विजेचा हीटर बसवलेला असतो. त्याची वायर बॉनेटमधून बाहेर काढून घराच्या प्लगला जोडली, की तो इंजिनात फिरणारे कूलंट नावाचे द्रव गरम ठेवतो. टायरही हिवाळ्याचे वेगळे असतात, कारण साध्या टायरचे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊन रस्त्याची पकड सोडू लागते. तापमान दर ५-६ अंशांनी उतरले की टायरमधली हवाही साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचे माप) कमी होते, त्यामुळे निघण्यापूर्वी ती तपासली. जांबोटीला टायर आणि ब्रेक पाहिल्याशिवाय चोर्ला घाटात गाडी घालायची नाही, हा बाबांचा नेम मी इथे तंतोतंत पाळतो.

आईसाठी हेही लिहितो, की गाडीत घोंगड्या, फावडे, मेणबत्ती, काडेपेटी, खाणेपिणे आणि जादा मोजे होते, आणि पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही असे ठरलेले होते. गाडी वाटेत अडकलीच तर ती सोडून चालत निघायचे नाही, हा इथला पहिला धडा आहे. आधी बाहेर उतरून सायलेन्सरच्या नळीपुढचा बर्फ काढायचा, कारण नळी बुजली तर विषारी वायू आत भरतो. मग खिडकी बोटभर उघडी ठेवून तासाला दहाएक मिनिटेच इंजिन चालवायचे. प्रत्यक्षात यातल्या कशाचीही गरज पडली नाही.

कॅलगरीहून लेक लुईज सुमारे १८० किलोमीटर आहे आणि रस्ता चौपदरी आहे. एरवी बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, परंतु उणे १८-२० च्या खाली त्याचा उपयोग होत नाही, म्हणून बारीक खडी पसरतात. ती पुढच्या गाडीच्या चाकांतून उडून काचेवर येते, त्यामुळे अंतर भरपूर ठेवावे लागते. मला आश्चर्य वाटले ते हे, की शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ अधिक निसरडा असतो आणि उणे तिसाचा कोरडा बर्फ त्या मानाने टायरला बरा. तरीही ब्रेक हलकेच लावायचा आणि स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही, हे पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे बाबा जसे करत तसेच.

वाटेतल्या बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण आहे आणि जनावरांना रस्ता ओलांडण्यासाठी ६ पूल व ३८ भुयारी वाटा बांधल्या आहेत. पुलांवर झाडेझुडपे वाढवली आहेत आणि अस्वले, लांडगे, हरणे त्यांवरून खरोखर ये-जा करतात. जनावरांना गाडीची धडक बसण्याचे प्रमाण त्यामुळे ८० टक्क्यांहून अधिक घटले. आपल्या खानापूरच्या रानातल्या रस्त्यांवर गवे आडवे येतात तिथे असे काही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

स्कीच्या उतारावर खरी काळजी वाऱ्याची असते. उणे ३० ला ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला उणे ४३ असल्यासारखे लागते आणि उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. म्हणून आतून लोकरीचे कपडे घातले होते (सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग अंग गार पडते), नाक-तोंड झाकले होते, आणि गालावर पांढरा डाग दिसतो का हे आम्ही एकमेकांना सारखे पाहत होतो. स्कीचे बूटही डिकीत न ठेवता गाडीत पायांशी ठेवले होते, कारण थंडीने त्यांचे प्लास्टिक इतके ताठरते की पाय आत जात नाही. स्की, म्हणजे बुटाखालची पट्टी, घसरते ती तिच्याखाली घर्षणाने पाण्याचा पातळ थर होतो म्हणून. फार थंडीत तो थर नीट होत नाही आणि बर्फ वाळूसारखा अडतो. नवशिक्यांना ते सोयीचेच. छोटी शिकवणाऱ्या बाईंच्या सांगण्याप्रमाणे स्कीची टोके जवळ आणून स्वतःच थांबू लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्यासाठीच आम्ही गेलो होतो, बाबा. हिवाळा इथे पाच-सहा महिने असतो आणि तिने तो खिडकीतून बघण्यात घालवावा असे आम्हाला वाटत नाही. दर अर्ध्या तासाने आत जाऊन ऊब घेत होतो. दिवस पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून तीनलाच परत निघालो.

तुम्ही मे महिन्यात येण्याचे म्हणत होता. लेक लुईजचे सरोवर साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेले असते, तेव्हा तिकिटे जूनअखेरची काढावीत, म्हणजे त्याचे निळे पाणी पाहता येईल आणि बाबांना घाटातून गाडीही चालवता येईल. त्यासाठी परवाना तिकडूनच आंतरराष्ट्रीय करून आणावा. सौ. व छोटीचा नमस्कार. दादा-वहिनींस नमस्कार सांगावा.

आपला,
धाकटा