खाते तिचे, ओटीपी त्यांच्या फोनवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिजिटल युगातील स्त्री-नेतृत्वाची चर्चा बहुधा किती जणींच्या हाती फोन आला, या मोजदादीपाशीच थांबते. मोजदाद हवीच, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील ७० टक्के पुरुष आणि ६५ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरतात, आणि गरीब देशांत ही दरी याहून बरीच रुंद आहे. परंतु वापरणे वेगळे आणि ठरवणे वेगळे, आणि नेतृत्वाचा प्रश्न ठरवण्याचा आहे.

माझ्या परिचयातील एक बाई शिवणकामाचा व्यवसाय करतात. व्यवसाय त्यांच्या नावावर, बँक खातेही त्यांचेच. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र यजमानांचा. कापडाचे पैसे चुकते करायचे तर यजमानांना फोन करून ओटीपी विचारावा लागतो, आणि ते कामात असले की मुदत टळून सारे पुन्हा पहिल्यापासून. कोणत्याही सर्वेक्षणात या बाईंची नोंद 'डिजिटल व्यवहार करणारी उद्योजिका' अशीच होईल.

तंत्रज्ञान हे मुळात पुरुषांचे क्षेत्र असून स्त्रिया तेथे उशिरा आल्या, असे अनेक जण गृहीत धरतात. वस्तुस्थिती तशी नाही. १९४६ साली फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या प्रोग्रॅमिंगचे काम सहा तरुणींनी केले होते. प्रोग्रॅमिंगची भाषाच तेव्हा नव्हती. यंत्राचे आराखडे वाचून, केबली एका जागेवरून काढून दुसरीकडे खोचत आणि स्विच फिरवत त्यांनी तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित यंत्राकडून सोडवून घेतले. प्रात्यक्षिक यशस्वी झाले, त्यानंतरच्या मेजवानीचे आमंत्रण मात्र त्यांना नव्हते. कारकुनी समजल्या गेलेल्या या कामाला पुढे प्रतिष्ठा आणि पैसा आला, तसतशा स्त्रिया त्यातून मागे सारल्या गेल्या. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८०च्या दशकाच्या मध्यास सुमारे ३७ टक्के स्त्रिया होत्या. नंतर ते प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली गेले.

आता तर निवडीचे कामही यंत्राकडे जात आहे. नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी अ‍ॅमेझॉनने तयार केलेली एक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. मागील दहा वर्षांतील, बहुतांशी पुरुषांच्या, अर्जांवरून ती शिकली होती. कंपनीने ती मोडीत काढली, हे खरे. पण मानवी पूर्वग्रहाला निदान जाब विचारता येतो. संगणकाचा निकाल निःपक्षपातीच असणार, असे मानून आपण प्रश्नसुद्धा विचारत नाही. म्हणून अशी प्रणाली विकत घेणाऱ्या, तपासणाऱ्या आणि गरज पडल्यास नाकारणाऱ्या समित्यांवर स्त्रिया असणे मला समाजमाध्यमांवरील महिला दिनाच्या शुभेच्छांपेक्षा महत्त्वाचे वाटते. तेथे केवळ इतिवृत्त लिहिण्यासाठी नव्हे, हेही सांगायला हवे, कारण ऑनलाइन बैठकीतसुद्धा ते काम कोणाकडे जाते, हे बैठकीला बसणाऱ्यांना ठाऊक आहे.

वर उल्लेखिलेल्या बाईंनी गेल्या महिन्यात खात्याचा क्रमांक बदलून मागितला. त्या अर्जाच्या पडताळणीचा ओटीपी यजमानांच्याच फोनवर आला.

आपली,
एक वाचक