हिरवा दिवा लागत नाही म्हणजे बोर्ड गेला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यातल्या तुमच्या पुरवणीत टीव्हीला जोडायच्या छोट्या प्लेयरबद्दल लेख होता. त्यात शेवटी म्हटलंय की तीन-चार वर्षं जुना बॉक्स चालू व्हायला त्रास देऊ लागला की दुरुस्तीच्या नादी लागू नका, सरळ नवीन घ्या. हे मला अजिबात पटलं नाही, आणि का पटलं नाही ते माझ्याच घरात घडलेलं सांगतो.

बार्शीला आमच्या घरी वडिलांसाठी रास्पबेरी पाय ३ चा प्लेयर केलेला आहे, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डाचा संगणक (पुढे नुसतं पाय म्हणतो), २०१६ साली आलेलं मॉडेल, त्यावर लिब्रेइलेक ही छोटी सिस्टिम आणि गाणी-व्हिडिओ लावणारं कोडी. वडील ८१ वर्षांचे, बाहेर फारसं जाणं होत नाही, दिवसभर कीर्तनं नाहीतर जुनी नाटकं चालू असतात, आणि आईच्या भजनी मंडळाची आम्ही केलेली रेकॉर्डिंग आहेत ती रोज संध्याकाळी लागतातच. आई आता नाही. त्यामुळे हा प्लेयर बंद पडला की घरात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आता अडचण अशी की आमच्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की लाइट दिवसातून चार वेळा जाते, प्लेयर ज्या एसडी कार्डावरून चालतो त्यावर काहीतरी लिहीत असतो नेमकी तेव्हा गेली की कार्ड खराब होतं, दोन वर्षांत तीन कार्डं गेली. म्हणून ठरवलं की कार्डच नको, घरात जुना पीसी आहे, त्याला यूपीएस आहे, सगळं त्यावर ठेवायचं आणि पाय नेटवर्कवरून बूट करायचा, म्हणजे चालू होताना लागणाऱ्या फाइली त्याने केबलवरून पीसीकडून घ्यायच्या.

नेटवर्कची केबल लावली, कार्ड काढलं, प्लग लावला. लाल दिवा लागला, हिरवा लागलाच नाही, टीव्ही काळा. गावातल्या एका दुकानात नेला, त्यांनी दोन मिनिटं हातात धरला आणि म्हणाले बोर्ड गेला, नवीन घ्या. बोर्ड गेला नव्हता. कार्ड परत घातलं की तो व्यवस्थित चालू होत होता, म्हणजे नेटवर्कवरून येताना मध्येच कुठेतरी अडत होता, आणि कुठे ते शोधायचा प्रयत्नच कुणी केला नाही.

नेटवर्क बूट म्हणजे पायऱ्या असतात हो. आधी तो डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटायच्या पद्धतीने, विचारतो मला पत्ता द्या, मग बूटच्या फाइली कुणाकडे आहेत ते उत्तरात शोधतो, मग टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, ६९ नंबरच्या पोर्टवर, एकेक फाइल मागतो, आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालू झाला की बाकीचं सगळं एनएफएसवरून, म्हणजे पीसीवरच्या नेटवर्कने वापरायच्या फोल्डरमधून, उचलतो. टीव्हीवर यातलं काहीही दिसत नाही. पण पीसीवर टीसीपीडंप हा नेटवर्कवरचं बोलणं दाखवणारा प्रोग्राम लावून बसलं की सगळं बोलणं ओळीओळीने दिसतं आणि ते कुठे थांबलं तेही दिसतं.

पहिल्या दिवशी एक ओळही दिसली नाही. कारण पाय ३ मध्ये नेटवर्क बूट कारखान्यातून बंदच येतं, ते एकदा कार्डावरून चालू करून कॉन्फिग फाइलमध्ये यूएसबी बूट मोडची ओळ टाकून रीबूट करावं लागतं, मग आतल्या चिपमध्ये ती खूण कायमची बसते. तपासायला ओटीपी डंपची, म्हणजे चिपमधल्या या कायमच्या खुणांच्या यादीची, १७ नंबरची ओळ बघायची, ३०२००००ए आलं की झालं. २०१८ च्या पाय ३ बी प्लस या पुढच्या मॉडेलला हे करावं लागत नाही, तिथे आधीच चालू असतं. आणि वायफायवरून हे बूट होत नाही, केबलच लागते, यात माझी एक संध्याकाळ गेली.

खूण बसली तरी पीसीवर काही येईना. इथे मी खरंच हताश झालो होतो. शेवटी सापडलं ते असं की मी सेकंडहँड घेतलेला मोठा नेटवर्क स्विच होता, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा, त्यात स्पॅनिंग ट्री ही केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी सोय चालू होती, म्हणजे नवीन काही जोडलं की आधी तो १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि ३० सेकंदांनी पोर्ट उघडतो. आणि हा पाय ५-५ सेकंदांनी पाच वेळा विचारतो, २५ सेकंदांत उत्तर नाही आलं की झोपी जातो, प्लग काढून परत लावेपर्यंत पुन्हा विचारतच नाही. पाच सेकंदांचा फरक! साधा पाच पोर्टचा स्विच लावला आणि लगेच पीसीवर त्याची पहिली ओळ आली, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, वडील जागेच होते.

त्यापुढे राउटरने पत्ता दिला पण पाय तिथेच थांबला, कारण फाइली कुणाकडे आहेत ते राउटर सांगत नव्हता. डीएचसीपीच्या उत्तरात ४३ नंबरच्या पर्यायात रास्पबेरी पाय बूट हे शब्द इंग्रजीत लागतात. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला, त्यात ही सेटिंग लॉक, कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ग्राहकाला देता येत नाही. हे मला चुकीचं वाटतं, महिन्याचं बिल आम्ही भरतो, घर आमचं, आणि घरातल्या दोन वस्तूंनी एकमेकांशी काय बोलायचं ते कंपनी ठरवणार? यावर तुमच्या पेपरने जरूर लिहावं. तोवर उपाय आहे, पीसीवर डीएनएसमास्क हा डीएचसीपीची उत्तरं देणारा प्रोग्राम प्रॉक्सी मोडमध्ये लावायचा, म्हणजे पत्ते राउटरच वाटतो आणि बूटची माहिती फक्त पीसी देतो, भांडण होत नाही.

मग टीएफटीपीच्या ओळी आल्या, त्यात फाइल सापडली नाही, सापडली नाही असं दिसलं तर घाबरू नये, तो आधी स्वतःच्या सीरियल नंबरच्या फोल्डरमध्ये बघतो आणि मग बाहेर बघतो. शेवटी एनएफएसवर अडला ते स्टोरेजच्या फोल्डरला नो रूट स्क्वॉश, म्हणजे पायच्या मुख्य युजरला पूर्ण हक्क देणारी सेटिंग, दिली नव्हती म्हणून, त्याला लिहायलाच येत नव्हतं.

ज्यांना हे सगळं जड वाटेल त्यांनी एक करावं, छोट्या कार्डावर फक्त बूटकोड डॉट बिन ही पायची सुरुवात करून देणारी एकच फाइल टाकावी आणि कार्ड आत राहू द्यावं. चिपमधल्या जुन्या कोडच्या बऱ्याच चुका त्याने टळतात, पाय २ सारख्या जुन्या मॉडेललाही चालतं, आणि त्या कार्डावर कधी काही लिहिलंच जात नाही त्यामुळे लाइट गेली तरी ते टिकतं. मी आता तेच केलंय. स्विच आणि राउटरसुद्धा यूपीएसवर घेतलेत.

लेखकांनी पुढच्या वेळी नवीन घ्या लिहायच्या आधी एवढं तरी छापावं की जुनं कार्ड घालून बॉक्स चालू होतो का ते बघा, होत असेल तर बोर्ड ठीक आहे. आणि कुणाचा पाय हिरवा दिवा न लागता अडला असेल तर आधी स्विच बदलून बघा.

आपला,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)