आईला सांगितलेलं नाही

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता बोलता तू सांगून टाकलंस, “एचआयव्ही असलेल्या एका मुलाचं रक्त घेताना सुई टोचली, लागण टाळायच्या गोळ्या सुरू केल्यात,” आणि लगेच तुमच्या त्या नन-सिस्टरांच्या बालगृहातल्या बाळाच्या दातांवर घसरलीस. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. आता सुईबद्दल एकदाच लिहितो, पुन्हा नाही.

सगळं वाचून काढलं. उपचार नसलेल्या रुग्णाची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीन. तुझ्या त्या मुलाच्या रक्तात तर विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही म्हणालीस, म्हणजे त्याहूनही कितीतरी कमी. गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, तू त्याच संध्याकाळी घेतल्यास. २८ दिवस एकही चुकवायची नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. रात्री मात्र ते हजारातले तीनच डोळ्यांपुढे येतात.

असो. त्या बाळाचं डोक्यातून जात नाही. फाटकाशी ठेवलेलं, दुपट्यात एचआयव्हीचा रिपोर्ट खोचलेला. आणि दीड वर्षानंतरच्या तपासणीत काहीच नाही! आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला तिच्या शरीराने बनवलेली द्रव्यं, बाळाच्या रक्तात इतके महिने राहू शकतात, हे त्या घरात कुणी समजावून सांगितलं नसेल का? ज्या कागदासाठी लेकरू टाकलं, तो कागद त्याच्या आईच्या रक्ताबद्दल बोलत होता. थोरल्या सिस्टरनी तो रिपोर्ट जपून ठेवलाय म्हणालीस. कशाला, मला कळत नाही. मी असतो तर फाडून टाकला असता.

नैरोबीच्या न्युम्बानीबद्दलही वाचलं. १९९२ साली फादर अँजेलो डॅगोस्टिनो आणि सिस्टर मेरी ओवेन्स यांनी अशाच टाकलेल्या मुलांसाठी ते घर काढलं. सुरुवातीला औषधंच परवडत नव्हती, मुलं हातातून जायची. मग औषधं आली, मुलं जगली, तर शाळा त्यांना घेईनात. कोर्टात जावं लागलं. प्रार्थना करणाऱ्या बायकांना कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागतात तर. तुमच्या सिस्टरही मला त्यातल्याच वाटतात. प्रार्थनेची घंटा पाच मिनिटं पुढे जाते पण गोळ्यांची वेळ हलत नाही, हे ऐकून मी आईला म्हणालो, ही माणसं मला पटली.

तुला सुधाकाका आठवत नसेल. चार वर्षांची होतीस. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, बसायला मागची पडवी. कारण कुणी बोलायचं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. तू मात्र दुडदुडत जाऊन त्याच्याच ताटातला भात मुठीने खायचीस. आजी ओरडायची, काका ताट लांब सारायचा, तू ताटामागोमाग सरकायचीस. तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार १९९६ साली निघाला, पण तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. आज असता तर रोज एक गोळी घेऊन माझ्याशी पत्ते खेळत बसला असता, आणि लबाडीही केली असती.

वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचं नसतं. तशीच जाड डब्यात टाकायची आणि डबा पाऊण भरला की बदलायचा. तुमच्याकडे बदलतात ना? घाई असली, मूल हातपाय झाडत असलं, तर धरायला दुसरं माणूस बोलवायचं, एकटीने शूरपणा करायचा नाही. रात्रपाळीनंतर तर मुळीच—

बघ, आलोच पुन्हा सुईवर. शिकलेल्या नर्सला मी काय शिकवणार? रागावू नकोस.

आईची काळजी वेगळीच आहे. तिला वाटतं तू तिथेच राहशील, पांढरी साडी नेसून नन होशील. मला त्याचं काही नाही. साडी कुठलीही नेस. त्या मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गोळ्या निघाल्यात आणि पूर्वीच्या त्या कडू औषधासारखं नाक दाबून पाजावं लागत नाही, हे तू सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता, ते मी ऐकलंय. आधीच्या नोकरीत तो आवाज कधी नव्हता. वाचनालयात मी सगळ्यांना सांगत असतो, माझी मुलगी कुठे असते. कुणी गप्प होतं, कुणी विषय बदलतं. मी पुन्हा सांगतो.

सुईचं मात्र घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तीन महिन्यांच्या तपासणीचा निकाल आला की कितीही वाजलेले असोत, फोन कर. आईने उचलला तर आधी स्वेटरच्या मापांचं बोल. ती लोकर आणून बसलीये आणि मुलांची वयं विचारतेय. मग फोन माझ्याकडे द्यायला सांग.

तुझे
बाबा